सांडव्यावरून जाणारे पाणी : धरणाचे रक्षण आणि नदीची वाट

पावसाळा ऐन भरात आला म्हणजे 'धरण भरले' ही वार्ता गावोगाव पोहोचते. सांगे तालुक्यातील साळावली धरणाच्या सांडव्यावरून पाणी कोसळू लागले की ते पाहण्यासाठी गोव्याच्या सर्व भागांतून लोक येतात. त्या वेळी दोन प्रकारचे उद्गार हमखास ऐकू येतात. 'एवढे गोडे पाणी फुकट समुद्राला चालले', अशी हळहळ काहीजण व्यक्त करतात. नदीकाठच्या शेतात पाणी शिरले तर 'धरणाचे दरवाजे उघडले', असे दुसरे म्हणतात. साळावलीच्या बाबतीत हे दोन्ही उद्गार वस्तुस्थितीला धरून नाहीत. तेथील सांडव्याला दरवाजेच नाहीत; आणि सांडव्यावरून जाणारे पाणी सर्वस्वी फुकट जाते असेही म्हणता येत नाही. सांडवा कशासाठी असतो, तो कसा चालतो आणि त्यावरून गेलेले पाणी अखेर कोठे जाते, हे नदीकाठच्या प्रत्येक गावाने समजून घेण्याची गरज आहे. कारण सांडव्याची रचना अभियंत्याच्या हाती असली, तरी सांडव्याखालची नदी मोकळी ठेवणे हे गावाच्याच हाती असते.

पाण्याच्या दोन वाटा

धरणातून पाणी बाहेर जाण्याच्या वाटा मुख्यतः दोन. पहिली वाट विमोचकाची. कालव्याला किंवा जलशुद्धीकरण केंद्राला जेवढे पाणी हवे, तेवढे या वाटेने मोजून सोडले जाते. ही वाट अरुंद असते, कारण माणसाची रोजची गरज पुराच्या मानाने फार थोडी असते. दुसरी वाट सांडव्याची. जलाशयात मावेनासे झालेले पाणी या वाटेने जाते. 'सांडणे' या साध्या क्रियापदावरून आलेला हा शब्द त्याचे कार्य अचूक सांगतो. भरलेली घागर आणखी भरू लागलो तर पाणी कोठून तरी सांडणारच. ते कोठून सांडावे हे आधीच ठरवून ठेवणे म्हणजे सांडवा बांधणे होय.

या तत्त्वाची ओळख गोव्याच्या शेतकऱ्याला नवी नाही. खाजन शेतीच्या बांधात बसवलेली मानस हे त्याचेच एक जुने रूप आहे. ओहोटीच्या वेळी शेतातील जादा पाणी बाहेर जावे आणि भरतीचे खारे पाणी आत येऊ नये, अशी तिच्या झडपांची योजना असते. बांध कितीही भक्कम असला, तरी जादा पाण्याला वाट नसेल तर तो टिकत नाही, हे ज्ञान त्या रचनेमागे आहे.

मातीवरून पाणी का जाऊ देऊ नये

साळावली हे मातीचे आणि दगडी बांधकामाचे मिश्र धरण आहे. त्याची लांबी १,००४ मीटर असून उंची ४२.७ मीटर आहे. दगडी किंवा काँक्रीटच्या भागावरून पाणी वाहिले, तर योग्य रचना असल्यास तो भाग ते सहन करतो. मातीच्या भरावाची गोष्ट वेगळी. भरावाच्या माथ्यावरून पाण्याचा पातळ पडदा वाहू लागला तरी उताराची माती सुटू लागते, तेथे घळ पडते, घळीतून अधिक पाणी धावते आणि अधिक पाण्याने घळ आणखी खोल होते. ही क्रिया एकदा सुरू झाली की ती थांबवणे माणसाच्या आवाक्यात राहत नाही. म्हणून मातीच्या धरणाची सुरक्षितता त्याच्या भिंतीच्या जाडीइतकीच, किंबहुना तिच्याहून अधिक, सांडव्याच्या क्षमतेवर अवलंबून असते.

गुजरातमधील मच्छू-२ या धरणाने हा धडा फार मोठी किंमत घेऊन शिकवला. त्याचा सांडवा सेकंदाला सुमारे ५,६६० घनमीटर पाणी वाहून नेईल असा होता. ११ ऑगस्ट १९७९ रोजी अतिवृष्टीमुळे याच्या सुमारे तिप्पट पूर आला. दोन्ही बाजूंच्या मातीच्या भरावांवरून पाणी वाहू लागले, भराव वाहून गेले आणि खाली वसलेल्या मोरवी शहरात हजारो माणसे मृत्युमुखी पडली. पुढे हे धरण पुन्हा बांधताना सांडव्याची क्षमता कितीतरी वाढवण्यात आली.

यावरून सांडव्याच्या आखणीतील पहिला प्रश्न लक्षात येतो. नेहमीच्या पावसाचे पाणी किती, हा तो प्रश्न नव्हे. फार दीर्घ काळात क्वचितच येणारा पूर किती मोठा असेल, हा तो प्रश्न होय. अशा पुराला 'संकल्पित पूर' म्हणतात. साळावलीसाठी तो सेकंदाला १,४५० घनमीटर धरलेला आहे. एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन. म्हणजे दर सेकंदाला १,४५० टन पाणी! साळावलीचा एकूण साठा सुमारे २३४ दशलक्ष घनमीटर आहे. संकल्पित पूर त्याच जोराने सतत येत राहिला, तर पूर्ण रिकामा जलाशयही सुमारे ४५ तासांत काठोकाठ भरेल. दोन दिवस पुरणार नाही अशा जागेच्या भरवशावर धरण ठेवता येत नाही, हे या साध्या भागाकारावरून स्पष्ट होते.

तीन रेषा

धरणाच्या भिंतीवर तीन रेषा कल्पाव्यात. सर्वांत खालची रेषा 'पूर्ण संचय पातळी' ही होय. दरवाजे नसलेल्या सांडव्याचा माथा या पातळीवर असतो. साळावलीत ही पातळी ४१.१५ मीटर आहे. ही उंची समुद्रसपाटीच्या संदर्भाने मोजतात. ती पाण्याची खोली नव्हे. दुसरी रेषा 'महत्तम पूर पातळी'. संकल्पित पूर सांडव्यावरून जात असताना जलाशय या पातळीपर्यंत चढतो. तिसरी रेषा धरणाचा माथा. दुसऱ्या आणि तिसऱ्या रेषांमधील अंतर मोकळे ठेवलेले असते. वाऱ्याने उठणाऱ्या लाटा भरावावरून पलीकडे जाऊ नयेत यासाठी ते असते.

धरण 'शंभर टक्के भरले' याचा अर्थ पाणी पहिल्या रेषेला लागले एवढाच आहे. त्यावरून धरण धोक्यात आले असा अर्थ काढू नये. धरण भरल्यानंतरच सांडव्याचे काम सुरू होते.

दरवाजे असलेले आणि नसलेले सांडवे

सांडव्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. दरवाजे असलेल्या सांडव्यात माथ्यावर पोलादी दरवाजे बसवलेले असतात. त्यांच्या साहाय्याने अधिक पाणी अडवता येते आणि पूर येण्याआधी पातळी खाली आणून जागा करून ठेवता येते. मात्र दरवाजे वेळेवर उघडले पाहिजेत. त्यासाठी यंत्रे, वीज, प्रशिक्षित माणसे आणि पावसाची खबर ही सर्व हाताशी हवीत. सत्तरी तालुक्यातील अंजुणे धरणाला असे दरवाजे आहेत. ते उघडण्यापूर्वी नदीकाठच्या लोकांना सूचना दिली जाते.

याच वर्गात आपोआप उघडणारे दरवाजेही येतात. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी आखलेले स्वयंचलित दरवाजे १९०३ मध्ये पुण्याजवळच्या खडकवासला जलाशयावर बसवण्यात आले. पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिघ्रा धरणावरही त्यांची पद्धत वापरली गेली. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आजही पाणी ठरावीक पातळीला पोहोचताच एकामागून एक स्वतःहून उघडतात आणि पाणी उतरले की मिटतात.

दरवाजे नसलेला सांडवा याहूनही साधा. त्यात उघडण्याजोगे किंवा अडकून बसण्याजोगे काहीच नसते. पाणी माथ्याच्या वर आले की वाहते आणि खाली गेले की थांबते. मध्यरात्री वादळात वीज गेली तरी त्याचे काम अडत नाही. साळावलीचा सांडवा या वर्गातला आहे. म्हणूनच तेथे कोणी पाणी 'सोडले' असे म्हणणे बरोबर ठरत नाही.

बदकाच्या चोचीचा आकार कशासाठी

साळावलीच्या सांडव्याचा माथा सरळ रेषेत नाही. तो जलाशयाच्या आत वळवून नेलेला आहे. वरून पाहिल्यास त्याची आकृती बदकाच्या चोचीसारखी दिसते, आणि याच नावाने अशा सांडव्याला अभियंते ओळखतात. पाणी तिन्ही बाजूंनी या माथ्यावरून आतल्या खोल भागात कोसळते, तेथे एकत्र येते आणि धरणाच्या पलीकडे नदीच्या पात्रात जाते. पर्यटकांना मोह घालणारा अर्धगोलाकार धबधबा तो हाच.

या वळणामागे शोभेचा हेतू नाही. सांडव्यावरून किती पाणी जाईल हे दोन गोष्टींवर ठरते : माथ्याची लांबी आणि माथ्यावरील पाण्याची जाडी. लांबी दुप्पट केली तर विसर्ग साधारण दुप्पट होतो. पाण्याची जाडी वाढली तर विसर्ग त्याहून वेगाने वाढतो : जाडी दुप्पट झाली तर विसर्ग सुमारे २.८ पट आणि जाडी चौपट झाली तर आठपट होतो. माथा वळवला म्हणजे थोड्या रुंदीच्या जागेत अधिक लांबी बसते. त्यामुळे तेवढेच पाणी जाण्यासाठी जलाशय कमी चढावा लागतो. जलाशय कमी चढला की भराव कमी उंचीचा पुरतो आणि काठावरची कमी जमीन पाण्याखाली जाते.

जाडी आणि विसर्ग यांच्या या संबंधात नदीकाठच्या लोकांसाठी एक इशाराही आहे. सकाळी सांडव्यावर वीतभर पाणी होते आणि संध्याकाळी दोन वीत झाले, तर नदीतले पाणी दुप्पट नव्हे, जवळजवळ तिप्पट झालेले असते.

भरलेले धरणही पूर थोपवते

धरण भरल्यावर वरून येईल तेवढे पाणी त्याच क्षणी खाली जाते, हा समजही दुरुस्त करण्याजोगा आहे. साळावलीच्या जलाशयाचा विस्तार सुमारे २,९६४ हेक्टर आहे. एवढ्या पृष्ठभागावर पाण्याची पातळी एक मीटर वाढायची तर जवळजवळ तीन कोटी घनमीटर पाणी आत यावे लागते.

उदाहरणादाखल असे समजावे की, एका वेळी जलाशयात सेकंदाला ६०० घनमीटर पाणी येत आहे आणि सांडव्यावरून ३०० घनमीटर जात आहे. उरलेले ३०० घनमीटर जलाशयातच साठते. एका तासात हे पाणी १० लाख ८० हजार घनमीटर होते आणि त्यामुळे पातळी साडेतीन सेंटिमीटरांच्या आसपास वाढते. पातळी जसजशी वाढते तसतसा विसर्गही वाढतो. दरम्यान वरचा पाऊस ओसरला, तर खाली जाणारा पूर सहाशेपर्यंत कधीच पोहोचत नाही. अशा रीतीने भरलेले धरणसुद्धा पुराचा कळस खाली आणते आणि त्याला उशीर लावते. मात्र पाऊस थांबल्यानंतरही नदी काही काळ फुगलेली राहते, हे त्याचेच दुसरे अंग होय. आकाश निरभ्र झाले म्हणून पात्रात उतरणे धोक्याचे असते, ते यामुळेच.

पाण्याचा जोर कसा मोडतात

वीस मीटर उंचीवरून मोकळेपणी पडणारे पाणी तळाशी पोहोचते तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे २० मीटर, म्हणजे ताशी ७० किलोमीटरांहून अधिक असतो. हा जोर तसाच सोडला तर तो नदीचा तळ खणून काढील आणि धरणाचा पायाही उघडा पाडील. म्हणून सांडव्याच्या पायथ्याशी पाण्याचा जोर मोडण्याची योजना करावी लागते. बहुतेक ठिकाणी काँक्रीटचा एक हौद बांधतात. वेगाने आलेले पातळ पाणी त्यात एकदम उसळी घेते, जाड होते, घुसळते आणि त्या घुसळणीत आपला जोर गमावून बसते. उसळीच्या अलीकडे वेगवान, गुळगुळीत पाणी आणि पलीकडे फेसाळलेले, संथ पाणी असा फरक डोळ्यांनीही दिसतो. जेथे तळाला कठीण खडक असतो, तेथे पायथ्याशी वर वळलेला ओठ ठेवून पाणी हवेत दूर फेकतात. मोठ्या धरणांच्या अशा रचनांच्या लहान प्रतिकृती खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात तपासल्या जातात. हे केंद्र १९१६ पासून कार्यरत आहे.

फेसाळलेले पाणी पाहण्यास मनोहर असले, तरी त्याखाली भोवरे असतात. हवा मिसळलेल्या पाण्यात माणूस सहज तरंगत नाही, आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही तेथून बाहेर पडता येत नाही.

पाणी जाते कोठे

साळावलीच्या सांडव्यावरून गेलेले पाणी सांगे परिसरातील नदीप्रवाहातून झुवारीला मिळते आणि मुरगावच्या खाडीमुखाने अरबी समुद्रात जाते. अंजुण्याचे पाणी वाळवंटी नदीने साखळीवरून पुढे मांडवीला मिळते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील तिळारीचे पाणी शापोरा नदीच्या रूपाने गोव्यात उतरते; राज्याची सीमा नदीला ठाऊक नसते. सह्याद्रीच्या माथ्यापलीकडे पडलेल्या पावसाची वाट मात्र उलट दिशेची आहे. बेळगावच्या राकसकोप जलाशयाचे जादा पाणी मार्कंडेय नदीने घटप्रभेला आणि तेथून कृष्णेला जाते. राधानगरीचे पाणी भोगावती आणि पंचगंगा या वाटेने नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळते. हे सारे पाणी शेवटी बंगालच्या उपसागराला मिळते.

गोव्याच्या नद्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. झुवारीत भरती-ओहोटीचा परिणाम मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आतपर्यंत जाणवतो. वरून पूर उतरत असताना खालून मोठी भरती चढत असेल, तर पाण्याला पुढे सरकण्यास जागा राहत नाही आणि ते काठांवर पसरते. म्हणून पुराचा अंदाज बांधताना पावसाच्या आकड्यांबरोबर भरतीची वेळही पाहावी लागते.

मग हे पाणी वाया जाते काय

गोव्यातील वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्यातील प्रत्येक थेंब अडवायचा, तर सांडव्याचा माथा उंच करावा लागेल. परंतु माथ्याची पातळी ही केवळ अभियंत्याने काढलेली रेषा नाही. कोणती गावे राहणार आणि कोणती जाणार, हे ती रेषा ठरवते. साळावलीच्या आजच्या पातळीसाठीच कुर्डी गाव पाण्याखाली गेले. थोर गायिका मोगूबाई कुर्डीकर यांचे हे जन्मगाव. १९८६ च्या सुमारास गाव बुडाले, सहाशेहून अधिक कुटुंबांनी घरे सोडली आणि वाडे व वालकिणी येथील वसाहतींत नवे संसार मांडले. तेथील प्राचीन महादेव मंदिर दगड न् दगड सोडवून धरणाजवळ पुन्हा उभारण्यात आले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जुन्या घरांची जोती आजही उघडी पडतात आणि कुर्डीकर मे महिन्यात तेथे एकत्र जमतात. दक्षिण गोव्याच्या नळांना येणारे पाणी या त्यागातून आलेले आहे. आणखी एक मीटर पाणी अडवावे असे म्हणणे सोपे आहे. त्याची किंमत कोणी द्यायची, हा प्रश्न त्याबरोबरच विचारला पाहिजे.

शिवाय नदीलाही पाण्याची गरज असते. पावसाळी पूर पात्रातील गाळ पुढे ढकलतो, उन्हाळ्यात आत चढलेले खारे पाणी मागे रेटतो आणि काठच्या विहिरींना पाझर देतो. मासळीच्या वाढीलाही खाडीत येणारे गोडे पाणी उपकारक असते. खरी उधळपट्टी सांडव्यावर होत नाही; गळक्या नळांतून, फुटक्या पाटांतून आणि बेपर्वा वापरातून ती होते. तेथे वाचवलेले पाणी कोणाचेही गाव न बुडवता मिळते.

शाळेत करण्याजोगा प्रयोग

हा विषय शिकवताना शिक्षकांनी एक सोपा प्रयोग करून दाखवावा. एका मोठ्या परातीत ओल्या मातीचे दोन सारखे बांध घालावेत. एक बांध तसाच ठेवावा. दुसऱ्याच्या एका टोकाला थोडी खाच पाडून तिला चपट्या दगडांचे अस्तर द्यावे. दोन्हींच्या मागे तांब्याने सावकाश पाणी ओतावे. पहिल्या बांधाच्या माथ्यावरून पाणी गेले की काही क्षणांतच घळ पडते आणि बांध वाहून जातो. दुसऱ्याचे पाणी खाचेतून जाते आणि बांध उभा राहतो. त्यानंतर खाचेपुढे मातीचा ढिगारा घालून तेच पाणी पुन्हा ओतावे. बाहेर पडलेले पाणी ढिगाऱ्याला अडून आजूबाजूला पसरते. नदीच्या पात्रात भराव टाकल्यास काय होते, हे मुलांच्या लगेच लक्षात येईल.

गावाचे कर्तव्य

सांडवा कितीही निर्दोष असला, तरी तो पाणी फक्त नदीपर्यंत पोहोचवतो. पुढची वाट नदीची. वडोदऱ्यात ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीला पूर आला आणि शहराच्या मोठ्या भागात पाणी शिरले. आजवा सरोवराचे जादा पाणी याच नदीतून शहरात उतरते. नदी जेव्हा शांत असते, तेव्हा तिच्या काठची रिकामी जागा निरुपयोगी वाटते. तेथे भराव पडतो, कुंपण येते, पुढे घरही उभे राहते. परंतु ती जागा रिकामी नसते. ती पुरासाठी राखलेली असते.

धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ प्रमाणे मोठ्या धरणांसाठी आपत्कालीन कृती आराखडा तयार करणे बंधनकारक आहे. तो आराखडा दप्तरात राहून उपयोगी नाही. पंचायतीने पुढील गोष्टी पावसाळ्यापूर्वीच कराव्यात : नदीकाठच्या सखल घरांची यादी करावी, गुरे आणि माणसे हलवण्याची उंच जागा ठरवावी, पुलाखालील आणि ओढ्यांच्या तोंडाचा गाळ व झाडोरा काढावा, पात्रात माती अथवा बांधकामाचा कचरा टाकणाऱ्यास वेळीच रोखावे. शेतकऱ्यांनी पाण्याचे पंप काठावर ठेवू नयेत. पाणी साकवावरून किंवा फरशीवरून वाहत असताना कोणीही ते ओलांडू नये; गुडघाभर वेगवान पाणीही माणसाला उभे राहू देत नाही. धरण भरल्याची सूचना मिळाल्यापासून पावसाळा संपेपर्यंत आंघोळ, कपडे धुणे वा मासेमारी यांसाठी सांडव्याखालच्या पात्रात उतरू नये, आणि मुलांनाही उतरू देऊ नये.

सांडव्यावरून पाणी वाहू लागणे म्हणजे धरण आपले काम नीट करीत आहे. ते पाणी सुखरूप समुद्राला पोहोचावे, यासाठी त्याच्या वाटेत कोणी उभे न राहणे हे गावाचे काम होय.